नवा प्रोसेसर घेण्याआधी टास्क मॅनेजर उघडा

नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात जाऊन "पीसी स्लो झाला" असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "किती वर्षं झाली?" पाच-सहा वर्षं म्हटलं की मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम असा पूर्ण सेट बदलण्याचा हिशोब सुरू होतो. पण वय हा अगदी कच्चा निकष आहे. कॉम्प्युटर मंद वाटतो तेव्हा त्याचे सगळे भाग मंद झालेले नसतात. एक भाग मागे पडलेला असतो आणि बाकीचे त्याची वाट बघत असतात. तो भाग कोणता, हे घरबसल्या, फुकटात आणि पंधरा-वीस मिनिटांत मोजता येतं. ते न मोजता केलेला खर्च बरेचदा चुकीच्या भागावर होतो, आणि तीस हजार घालूनही क्रोम तितकंच हळू उघडतं.

पूर्वी वय बघून बदलणं बरोबर होतं

१९९०च्या सुमारास ४८६ प्रोसेसर ३३ मेगाहर्ट्झवर चालायचा. २००४ मध्ये पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला. म्हणजे १४ वर्षांत घड्याळाचा वेग (प्रोसेसर सेकंदाला किती ठोके मारतो तो आकडा) शंभरपटीहून जास्त वाढला. त्या काळात तीन वर्षांचा पीसी खरोखरच म्हातारा असायचा. त्यानंतरच्या वीस वर्षांत हा वेग दुप्पटही झालेला नाही. २०२४ मध्ये आलेला इंटेलचा कोअर आय९ १४९००केएस ६.२ गिगाहर्ट्झवर थांबतो, तोही थोडा वेळ आणि भरपूर वीज खाऊन.

कारण उष्णतेचं आहे. ट्रान्झिस्टर लहान होत गेले तसा त्यांना लागणारा व्होल्टेजही कमी होत होता, म्हणून वेग वाढवूनही चिप तापत नव्हती. २००५च्या आसपास व्होल्टेज आणखी खाली आणणं अवघड झालं, कारण बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपू लागली. मग कंपन्यांनी वेगाऐवजी कोअर, म्हणजे एकाच चिपवरचे स्वतंत्र प्रोसेसर, वाढवले. प्रत्येक कोअर एका ठोक्यात जास्त काम करायला शिकला हेही खरं, त्यामुळे आजचा ३.८ गिगाहर्ट्झ आणि २००४चा ३.८ गिगाहर्ट्झ सारखे नाहीत. पण ही सुधारणा पिढीगणिक थोडी थोडी मिळते.

आणि कोअर वाढवून मिळणाऱ्या फायद्याला मर्यादा आहे. समजा एखाद्या कामाचा ६० टक्के भाग कोअरमध्ये वाटता येतो आणि ४० टक्के एकामागून एकच करावा लागतो. आठ कोअरवर ते काम एका कोअरच्या सुमारे २.१ पट वेगाने होईल. सोळा कोअर घेतले तर २.३ पट. कोअर अगणित लावले तरी २.५ पटीच्या पुढे जाणार नाही. टॅली, वर्ड, ब्राउझर, बहुतेक जुने गेम याच जातीचे आहेत. सोळा कोअरची जाहिरात खोटी नसते, फक्त ती व्हिडिओ रेंडर करणाऱ्यांसाठी असते.

मोजायचं कसं

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स टॅबवर जा. आता जे करताना पीसी अडतो तेच काम करा आणि आकडे बघा.

डिस्क १०० टक्क्यांवर आणि सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) १०-२० टक्क्यांवर दिसला, तर दोषी हार्ड डिस्क आहे. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर गेली आणि त्याच वेळी डिस्कही धावू लागली, तर रॅम कमी पडते आहे. विंडोज उरलेला डेटा डिस्कवर टाकत आहे आणि परत आणत आहे.

सीपीयूचा आकडा फसवा असतो. आठ थ्रेडच्या (एकाच वेळी आठ कामं हाताळणाऱ्या) प्रोसेसरवर एखादं सॉफ्टवेअर एकच थ्रेड पूर्ण वापरत असेल, तर एकूण वापर फक्त १२-१३ टक्के दिसतो आणि वाटतं की प्रोसेसर रिकामा आहे. म्हणून ग्राफवर राइट क्लिक करून तो लॉजिकल प्रोसेसरनुसार बघा. एक चौकोन सतत भरलेला आणि बाकीचे रिकामे असतील, तर जास्त कोअर घेऊन उपयोग नाही, दर कोअरमागे वेगवान प्रोसेसर हवा.

त्याच पानावर 'बेस स्पीड' आणि चालू 'स्पीड' असे दोन आकडे असतात. जोर लागलेला असताना चालू स्पीड बेसच्या खाली घसरत असेल, तर प्रोसेसर तापून स्वतःला आवरतो आहे. एचडब्ल्यूइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तापमान आणि थ्रॉटलिंगची नोंद वेगळी दिसते, ती बघून खात्री करा. ही तपासणी जानेवारीत केली तर तिला फारसा अर्थ नाही. मे महिन्यात दुपारी तीनला करा.

गेमसाठी आणखी एक सोपी परीक्षा आहे. रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करा. फ्रेम्स बऱ्याच वाढल्या, तर अडचण ग्राफिक्स कार्डाची होती. तेवढ्याच राहिल्या, तर प्रोसेसर अडवतोय आणि नवं कार्ड घेऊन पैसे वायाच जातील. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला ६० पेक्षा जास्त चित्रं तो दाखवूच शकत नाही, हेही आधी बघून घ्या.

हार्ड डिस्क असेल तर पुढचं सगळं नंतर

विंडोज अजून फिरत्या हार्ड डिस्कवर असेल, तर दुसरा कोणताही भाग बदलण्याचा विचार थांबवा. ७२०० आरपीएमची तबकडी सेकंदाला १२० फेऱ्या मारते. हवा असलेला डेटा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद लागतात, शिवाय डोकं योग्य जागी सरकायला आणखी ८-९. एका तुकड्यामागे १२-१३ मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला ८० तुकडेही धड होत नाहीत. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली वाचतं. साधी साटा एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्याच केबलला लागणारी, चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह) हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते, कारण तिच्यात फिरणारं काही नाही. प्रोसेसर कितीही नवा घेतला तरी तबकडी आपल्याच गतीने फिरणार.

पण एसएसडीतही सगळ्यात नवी घ्यायची गरज नाही. साटा एसएसडी सलग वाचनात साधारण ५५० एमबी प्रति सेकंद देते, एनव्हीएमई (थेट बोर्डावरच्या एम.२ खाचेत बसणारी वेगवान एसएसडी) तिसरी पिढी ३५००, चौथी ७०००, पाचवी त्याच्याही दुप्पट. आकडे मोठे दिसतात, पण हे सलग मोठ्या फायलीचे आकडे आहेत. पीसी सुरू व्हायला किंवा एक्सेल उघडायला लागणारा वेळ साटा ते एनव्हीएमई फारसा बदलत नाही, कारण तोपर्यंत वाट डिस्कची नाही तर प्रोसेसरची बघितली जात असते. रोज १०० जीबीच्या व्हिडिओ फायली हलवणाऱ्याने पाचवी पिढी घ्यावी. बाकीच्यांनी तो पैसा राखून ठेवावा.

बसवताना इथे चुका होतात. पहिली, एम.२ खाच दिसली म्हणजे एनव्हीएमई चालेल असं नाही. काही जुन्या बोर्डांवरची खाच फक्त साटा असते, मॅन्युअल बघा. दुसरी, अनेक बोर्डांवर एम.२ मध्ये ड्राइव्ह घातली की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो आणि जुनी हार्ड डिस्क 'गायब' होते. ती बिघडलेली नसते, केबल दुसऱ्या पोर्टला लावली की दिसते. तिसरी, क्लोन केल्यावर (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या ड्राइव्हवर उतरवल्यावर) पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवायची असते, नाहीतर पीसी जुन्याच डिस्कवरून सुरू होतो आणि "एसएसडी लावूनही फरक नाही" असं वाटतं. क्लोन करण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या डिस्कची तब्येत बघा. पिवळा किंवा लाल इशारा असेल तर क्लोनच्या फंदात न पडता आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा. मरणासन्न डिस्क क्लोनच्या सलग वाचनात शेवटचा श्वास सोडते.

रॅम: किती, आणि किती कांड्या

ब्राउझर, ऑफिस, झूम आणि मुलांचा अभ्यास यांना १६ जीबी पुरतात. ८ जीबीवर आज ओढाताण होते. ३२ जीबी हवेत ते फोटोशॉप, व्हिडिओ एडिटिंग किंवा व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्याला. टास्क मॅनेजरमध्ये १६ पैकी ९ वापरात दिसत असतील, तर आणखी रॅम टाकून वेग वाढत नाही.

एक गोष्ट मात्र फार लोकांच्या घरी चुकलेली असते. ८ जीबीची एकच कांडी असेल तर प्रोसेसर मेमरीशी एकाच वाटेने बोलतो. डीडीआर४ ३२०० ची एक कांडी २५.६ जीबी प्रति सेकंद देते, दोन लावल्या की ५१.२. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीत चित्रंही याच मेमरीतून जातात, त्यामुळे तिथे फरक डोळ्यांना दिसतो. चार खाचा असतील तर दोन कांड्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या. शेजारी-शेजारी लावल्या तर बहुतेक बोर्डांवर पुन्हा एकच वाट उरते.

मग बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमचा छापील वेग लागू करणारा पर्याय, चालू करा. ३२०० म्हणून विकत घेतलेली रॅम हे न केल्यामुळे वर्षानुवर्षं २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कांड्या एकत्र लावल्यावर पीसी अडखळू लागला, तर वेग एक पायरी खाली आणा आणि रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. त्यात एकही एरर आली तर ती जोडी वापरू नका. खराब रॅम फायली गुपचूप बिघडवते.

सध्या रॅमच्या बाबतीत घाई आणखी महाग पडते. २०२५च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरची मागणी वाढल्याने मेमरीचे भाव जोरात चढले आहेत. डीडीआर४ वरून डीडीआर५ वर जायचं म्हणजे जुनी रॅम टाकून द्यायची, कारण दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात. १६ जीबी डीडीआर४ चांगली चालत असेल तर ती सांभाळा.

नागपूरचा उन्हाळा आणि कॅबिनेट

नागपुरात जे 'अपग्रेड' म्हणून विकलं जातं, त्यातलं बरंचसं काम धूळ साफ करून आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वरच्या हीटसिंकपर्यंत, म्हणजे धातूच्या ठोकळ्यापर्यंत, नेणारा लेप) बदलून होतं. यामागचं गणित समजून घ्या. हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. ठरावीक कामात प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनी वर राहतो. हा फरक ४५ अंश धरा. डिसेंबरात खोली २५ असेल तर प्रोसेसर ७० वर, निवांत. नवतप्यात (मे अखेरच्या तापलेल्या नऊ दिवसांत) खोली ४० झाली की तोच ८५ वर. त्यात वाळलेली पेस्ट आणि हीटसिंकमध्ये अडकलेली धूळ मिळून आणखी १०-१२ अंश वाढले, की आकडा ९५-९७ वर जातो. बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा ९० ते १०० अंशांच्या दरम्यान असते. तिथे पोहोचला की तो वेग कमी करतो. हिवाळ्यात ठीक चालणारा पीसी मे महिन्यात रडतो तो यामुळे, आणि पुष्कळ लोक नेमका त्याच महिन्यात नवा घेतात.

उपाय असा. पीसी बंद करा, वायर काढा, कॅबिनेट गच्चीवर किंवा अंगणात न्या. ब्लोअरने हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा प्रमाणाबाहेर गरगरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही वीज साठलेली असते. बाहेरच्या जाळीतूनच हवा मारा.

पेस्ट बदलायची असेल तर आधी पीसी दहा मिनिटं चालवून बंद करा, म्हणजे जुनी पेस्ट मऊ होते. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर हीटसिंक सरळ वर ओढला, तर प्रोसेसर कुलूप लागलेल्या सॉकेटमधूनच उपटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. हीटसिंक आधी हळूहळू डावी-उजवीकडे फिरवा, सुटल्यावर उचला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी वाटाण्याएवढी, मध्यभागी. जास्त लावल्याने थंडावा वाढत नाही.

कॉम्प्युटर टेबलाचा तो खालचा बंद कप्पाही तपासा. मागे फळी आणि पुढे दार असेल, तर पंखे तीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढतात. कॅबिनेट बाहेर काढून भिंतीपासून वीतभर दूर ठेवलं, तर एक रुपया न लागता तापमान उतरतं.

खोलीतल्या पाण्याच्या कूलरबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. खोली गार झाल्याचा फायदा प्रोसेसरलाही मिळतो, यात वाद नाही. पण कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. झोतात बारीक थेंब असतात आणि पाण्यातले क्षार भागांवर पांढरे डाग होऊन बसतात. ओलसर हवेत धूळ चिकट होते आणि हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये गाळासारखी बसते, मग ब्लोअरलाही दाद देत नाही. कूलर आणि पीसी खोलीच्या वेगवेगळ्या बाजूंना ठेवा, आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा झाकण उघडून बघा.

लाइन गेली की कळतो एसएमपीएसचा दर्जा

नवं ग्राफिक्स कार्ड घेणारे एसएमपीएसकडे ढुंकूनही बघत नाहीत. कार्डाला बोर्डाच्या खाचेतून ७५ वॉट मिळतात, ६ पिनी जोडातून आणखी ७५, ८ पिनीतून १५०. कॅबिनेटबरोबर आलेल्या बिनब्रँडच्या एसएमपीएसवर '५०० वॉट' छापलेलं असलं, तरी महत्त्वाचा आकडा १२ व्होल्टच्या ओळीतला असतो. तिथले अँपिअर गुणिले १२ करा. १८ अँपिअर लिहिलं असेल तर कामाचे वॉट २१६ आहेत.

दुसरी गोष्ट फार कमी सांगितली जाते. लाइन गेल्यावर साधा यूपीएस बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद घेतो, बहुतेक १० पर्यंत. चांगला एसएमपीएस आपल्या साठ्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. स्वस्त एसएमपीएस तेवढा धरत नाही, म्हणून यूपीएस असूनही पीसी रीस्टार्ट होतो आणि बोल मदरबोर्डाला लागतो. यूपीएस घेताना व्हीए आणि वॉट यांत गल्लत करू नका. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. ऑफिस पीसीला हे भरपूर, पण १७० वॉटचं कार्ड असलेल्या गेमिंग पीसीला काठावरचं. बॅटरी उन्हात लवकर थकते, दोन-तीन वर्षांनी ती बदलायची तयारी ठेवा.

पावसाळ्यात विजा कडाडत असतील तर प्लगबरोबर ब्रॉडबँडची तांब्याची केबलही काढा. बरेच मदरबोर्ड लॅन पोर्टातून जळतात. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. तोपर्यंत कोणताही महागडा भाग बसवू नका.

खरंच नवं लागतं तेव्हा

विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला साधारण इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझेन २००० मालिका आणि त्यापुढचे प्रोसेसर, तसंच टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) लागतं. इथे घाई करू नका. आठव्या ते दहाव्या पिढीच्या अनेक असेंबल्ड पीसींवर टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये बंद असतं. इंटेलवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. ते चालू केलं की विंडोज ११ साठी पीसी तपासणारं जे सॉफ्टवेअर आधी 'पीसी चालणार नाही' म्हणत होतं, तेच होकार देतं. डिस्कवरची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल, तर विंडोजमधल्या एमबीआर२जीपीटी या साधनाने ती बदलल्याशिवाय बायोस नव्या यूईएफआय पद्धतीवर नेऊ नका, नाहीतर विंडोज सुरूच होणार नाही. सहाव्या-सातव्या पिढीचा पीसी असेल आणि काम ब्राउझरचंच असेल, तर लिनक्स मिंट त्यावर आणखी काही वर्षं सुखाने चालतं. टॅली किंवा सरकारी डिजिटल स्वाक्षरीचं काम असेल तर मात्र विंडोजच हवं, आणि तिथे नवा पीसी घेणं योग्य आहे.

प्रोसेसरच बदलायचा ठरला, तर सॉकेट बघा. एएम४ चा बी४५० बोर्ड असेल, तर बायोस अपडेट करून बहुतेक बोर्डांवर रायझेन ५००० मालिका बसते आणि रॅम-बोर्ड तसेच राहतात. आमच्या मते जुन्या पीसीवरचा हा सगळ्यात फायद्याचा खर्च आहे. इंटेलच्या आठव्या-नवव्या पिढीच्या बोर्डावर दहावी पिढी बसत नाही, सॉकेटच वेगळं. बायोस अपडेट करताना पीसी यूपीएसवर असलाच पाहिजे. मध्येच लाइन गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

नवं कार्ड जुन्या बोर्डावर कधी कधी उलटंही पडतं. २०२२ मध्ये आलेलं एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे ग्राफिक्स कार्ड बोर्डाशी बोलायला फक्त चार मार्गिका (डेटाच्या वाटा, लेन) वापरतं. पीसीआयई (कार्डाच्या खाचेचं मानक) ४.० वर ते चालून जातं, पण ३.० च्या जुन्या बोर्डावर मार्गिकांचा वेग निम्मा होतो आणि फ्रेम्स घसरतात. कार्ड घेण्याआधी त्याच्या मार्गिका किती, हे विचारा. घरीच एआय मॉडेल चालवायचं असेल, तर कार्डाच्या वेगाआधी त्याची मेमरी बघा. सात अब्ज पॅरामीटरचं मॉडेल चार बिटमध्ये साधारण साडेतीन-चार जीबी घेतं, वरचा खर्च धरून ८ जीबीचं कार्ड पुरतं. ८ जीबीत न मावणाऱ्या मोठ्या मॉडेलला नव्या पिढीचं पण ८ जीबीचं कार्ड उपयोगाचं नाही, जुनं १२ जीबीचं जास्त कामाचं.

भाग घेताना जीएसटी बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी त्यावरच चालते. अवाच्या सवा स्वस्त १ टीबी एसएसडी मिळाली, तर एचटूटेस्टडब्ल्यू या सॉफ्टवेअरने ती पूर्ण भरून तपासा. नकली ड्राइव्ह १ टीबी दाखवते, पण आतली खरी, छोटी जागा भरली की पुढे लिहिलेलं सगळं हरवते. ही तपासणी दुकानाची परतीची मुदत संपायच्या आत करा, आणि ड्राइव्हवर पहिला फोटो टाकायच्या आधी.